दुसरी घागर

आखाजी परवावर आली तरी यशोदेला न्यायला मुऱ्हाळी आला नव्हता.

गल्लीतल्या बाकीच्या सुना एव्हाना माहेरी पोचल्या होत्या. कुणाला भाऊ न्यायला आला, कुणाला बाप, ज्यांचं कुणीच उरलं नव्हतं त्यांना निदान चुलतभाऊ तरी. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी जायचं ते न्यायला आलेल्या माणसाच्या मागून, ही खानदेशातली रीत. आपल्या पायांनी दारात उभ्या राहिलेल्या लेकीला माहेरसुद्धा आधी ‘काय झालं?’ असं विचारतं. म्हणून यशोदा लुगड्यांचं गाठोडं बांधून ओट्यावर तूर निवडत बसली होती. तूर सकाळीच निवडून झाली होती. तिच्यावरून उगीचच पुन्हा हात फिरत होता.

सासू भिकुबाई आतून म्हणाल्या, “बठ्ठ्या पोरी गयात. तुना बाप कव्हय यी व? का आवंदा इसरना?”

“येतीन ना. आबा कधी चुकनात का?”

ते खरंच होतं. यशोदेला धरणगावजवळच्या या गावात देऊन बावीस वर्षं झाली होती, आणि बावीसही आखाज्यांना तोताराम आबा पिंप्राळ्याहून छकडा घेऊन आले होते. साथीच्या सालात गावंच्या गावं ओस पडली, त्यानंतरच्या उन्हाळ्यातही ते आले. धरणगावाहून जळगावला आगगाडी होती, पण लेकीला आगगाडीतून नेणं म्हणजे तिला पोत्यासारखं पाठवणं, असं त्यांचं मत. भाऊ झुलाल काही न्यायला आला नसता. ‘तिची पोर लग्नाला आली, ती आता सासू व्हायची, तिला कसली आखाजी,’ असं तो मागच्या वर्षी बोलल्याचं यशोदेच्या कानावर आलं होतं. आई गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे आबांचा छकडा, एवढंच होतं.

छकडा आला तो दिवस कलताना. पण पाळधीच्या रस्त्यानं नाही, अमळनेरच्या बाजूनं. यशोदा ज्या वाटेकडे डोळे लावून बसली होती तिच्या अगदी उलट दिशेनं बैलांच्या गळ्यातली घुंगरं वाजली. बैलांच्या तोंडाला फेस होता. आबांचा फेटा धुळीनं फेटा राहिला नव्हता.

भिकुबाई दारात आल्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. “काय व्याही, आवंदा अमळनेर पाहीसन उनात का?”

“काम व्हतं तथा,” आबा म्हणाले आणि पायांवर पाणी घेताना मान खाली घातली.

अमळनेरला आबांचं काही काम नव्हतं. यशोदेला ते कळलं, आणि आपल्याला ते कळलेलं सासूला कळू नये म्हणून ती बैलांकडे वळली. बैल तिच्या ओळखीचे नव्हते. जुनी जोडी म्हातारी झाली होती, ती झुलालनं बाजारात विकली, असं आबांनी सांगितलं.

“नवी जोडी कशी शे?”

“गरीब शेतस. पन सांगशी तथाच जातस. जुन्या जोडीले सांगनंच पडे ना.”

त्या वाक्याचा अर्थ यशोदेला दुसऱ्या दिवशी कळला.

सकाळी उन्हं तापायच्या आत ते निघाले. आबा धुरेवर, यशोदा मागे गवताच्या पेंढीवर, पदर कपाळावर ओढून. गावाबाहेर रस्त्याला दोन फाटे फुटत होते. तिथं बैल थांबले. आबाही थांबले. कासरा हातात होता, पण हात हलत नव्हता.

“बैलस्ले दम खाऊ दे,” आबा म्हणाले.

घरातून निघून अर्धा कोसही झाला नव्हता. बैल ताजेतवाने उभे होते, शेपट्या हलवत, हुकमाची वाट पाहत. यशोदा आबांच्या पाठीकडे बघत राहिली. सदऱ्यातून खांद्यांची हाडं वर आली होती. ही पाठ तिनं बावीस वर्षं याच जागेवरून पाहिली होती. आज ती पाठ कान टवकारून बसल्यासारखी दिसत होती, मागून काहीतरी ऐकू यावं म्हणून थांबल्यासारखी.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. गेली दोन-तीन वर्षं, कदाचित त्याहूनही जास्त, तिला न्यायला येत होती ती जुनी बैलजोडी. आबा फक्त धुरेवर बसून येत होते.

‘आबा, उजवीकडे,’ हे तिच्या जिभेवर आलं होतं. पण ते बोलणं म्हणजे आबांच्या तोंडावर आरसा धरणं. ती म्हणाली, “आबा, त्या निंबखाले सावली बरी शे. तथा ल्या ना, जराशी.”

उजव्या फाट्यावर कडुनिंब होता. आबांनी कासरा ओढला. निंबाखाली दोघंही उतरली नाहीत, छकडा पुढं निघाला.

मग साऱ्या वाटेनं तेच चाललं. फाटा आला की यशोदेला तहान लागायची, नाहीतर एखादं देऊळ दिसायचं, नाहीतर ‘पुढला गाडीवाला ओळखीचा दिसतो’ असं वाटायचं. पदराआडून ती छकडा हाकत होती, आणि खोटं कशाला बोला, आपल्या चतुराईचं तिला थोडं कौतुकही वाटत होतं. बापाचा मान राखल्याचं समाधान होतं. त्या समाधानाच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं. तिच्या लेकीच्या, शेवंताच्या लग्नाची बोलणी एरंडोलकडच्या घराशी चालू होती. आज्याचं डोकं फिरलं असं कुणाच्या कानावर गेलं, तर ती माणसं रक्त तपासायला लागतील. सासू तर जन्मभर ऐकवील.

पाळधीच्या पुढं एकदा तिचा बेत फसला. फाट्यावर ना झाड होतं, ना देऊळ. ती नुसतीच म्हणाली, “आबा, या हातले.”

आबा गर्रकन वळले. “माले रस्ता दखाडस का? मना जलम गया या रस्तावर!”

“नई आबा. सहज.”

“सहज!” त्यांनी बैलांना उगीचच आसूड मारला. पण छकडा तिनं सांगितलेल्या हातालाच वळवला.

गिरणेला उन्हाळ्याचं पाणी होतं, घोट्याएवढं. वाळूतून गाड्यांच्या चाकोऱ्या चहूकडे फुटल्या होत्या. दूरवर आगगाडीचा पूल उन्हात थरथरत होता. पात्राच्या मध्यावर आबांनी बैल थांबवले आणि वळून न बघता, अगदी हळू आवाजात विचारलं, “तुले रस्ता याद शे का व?”

“शे, आबा.”

“मंग ठीक.” त्यांनी कासरा उगीच हातावर गुंडाळला. “झुलालले...”

“मी काहीच सांगत नई.”

आबांनी मान हलवली. त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं, डोळे पुसले, पंचा पाण्यात बुडवून डोक्यावर ठेवला. त्यांच्या आयुष्यात त्यांनी लेकीजवळ मागितलेली ही पहिली गोष्ट होती. ती देऊन झाली होती.

पिंप्राळं दिसू लागलं तशी यशोदा सैलावली. इथं सांगायची गरज नव्हती. सत्तर वर्षं ज्या गावात काढली तिथं माणसाचे पाय आपोआप चालतात, असं तिला वाटलं. तिनं पदर पुढं ओढला, लेकीनं गावात शिरताना बसावं तशी मान खाली घालून बसली, आणि गप्प झाली.

मारुतीच्या पारावर माणसं बसली होती.

“या, आबा! आणी का लेकले?”

आबा ताठ झाले. कालपासून नव्हता तो आवाज त्यांच्या गळ्यात आला. “आणी ना! न आणाले काय झालं?”

पाराच्या पुढं गल्ली दुभंगते. उजवीकडे आबांचं घर. डावीकडे जुनं घर, जिथं आबा जन्मले, यशोदाही जन्मली. ते घर वाटणीत थोरल्या भावाकडे, उखर्डू काकांकडे गेलं होतं. वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांत जुंपली. आबांनी त्या घराच्या पाण्याचा थेंब तोंडात घेणार नाही असं मारुतीसमोर म्हटलं, आणि गेली तीस वर्षं पाळलं. उखर्डू काका वारले तेव्हा ते स्मशानात गेले, खांदाही दिला, पण तिथून परस्पर नदीवर जाऊन आंघोळ करून आपल्या घरी आले. गावात कुणाच्या शब्दाचं मोल करायचं झालं तर लोक तोताराम आबांचं नाव घेत.

छकडा डावीकडे वळला.

यशोदेनं मान वर केली. ‘आबा, तिकडं नाही,’ एवढे तीन शब्द. पण मागं पार होता, पारावर दहा-बारा तोंडं होती, आणि आता ती गप्प झाली होती. दिवसभर आपण बोलत होतो ते कुणी ऐकलं नव्हतं. इथं बोललेलं सगळ्या गावानं ऐकलं असतं. पुढं गल्लीच्या टोकाला वळतील, तिला वाटलं. मग वाटलं, दारापाशी ओळखतील. छकडा जुन्या घराच्या अंगणात जाऊन उभा राहिला, तरी ती तीन शब्द बोलली नव्हती.

आबा उतरले. बैल सोडले. गोठ्याच्या भिंतीतल्या खुंटीकडे त्यांचा हात न बघता गेला. खुंटी जिथल्या तिथं होती. कासरा अडकवून ते ओट्यावर बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि आत हाक मारली, “माय, पानी लय व. पोर उनी.”

इंदिराबाई काकू दारात आल्या. उखर्डू काकांच्या मागं त्या आणि मुलगा पुना, एवढंच घर उरलं होतं. त्यांनी आधी आबांकडे बघितलं, मग छकड्यात बसलेल्या यशोदेकडे. ती नजर यशोदेला पुढं फार दिवस आठवायची. त्यात नवल नव्हतं, वैर नव्हतं. चुलीवरचं दूध उतू जाताना बाई हातातलं सगळं टाकून बघते, तसं त्यांनी बघितलं.

काकू आत गेल्या. परत आल्या त्या भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. माहेरी आलेल्या लेकीवरून ओवाळतात तसा त्यांनी तो तुकडा यशोदेवरून ओवाळला आणि लांब टाकला. “उतर व माय. कितली वाळनी.” मग दुसरा तांब्या भरून आबांच्या हातात दिला.

आबांनी तांब्या घेतला. “उखर्डू कोठे गया?”

काकूंचं कपाळ सहा वर्षं मोकळं होतं. त्या क्षणभरही थांबल्या नाहीत. “वावरात गया. यी आते.”

यशोदा छकड्याचं चाक धरून उभी होती. काकूंचं ते बोलणं ऐकून तिला जमिनीत जावंसं वाटलं. दिवसभर तिनं जे चतुराईनं केलं, ते काकूंनी एका शब्दात केलं होतं, आणि त्यात स्वतःसाठी काही राखलं नव्हतं.

तेवढ्यात झुलाल आला. पारावरून कुणीतरी त्याला सांगितलं असणार. मागून पारावरची चार माणसंही आली, आणि उगाच आल्यासारखं दाखवत कुंपणाशी थांबली.

“आबा! आठे?”

आबांनी झुलालकडे बघितलं. हातातल्या तांब्याकडे बघितलं. मग काकूंच्या कपाळाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट परत येताना यशोदेनं पाहिली. भाऊ मेला होता. आई मेली होती. हे घर आपलं नव्हतं. तांब्या ओठांपासून वीतभर अंतरावर होता.

“कोन लई उनं तुम्हले आठे?” झुलालचा आवाज चढला.

आबांचे ओठ हलले. त्यांची नजर अंगणात कुठंतरी आधार शोधत फिरली आणि यशोदेवर येऊन थांबली. गिरणेच्या पात्रात त्यांचा आवाज जसा होता, तशी ती नजर होती.

“मीच सांगं आबास्ले,” यशोदा म्हणाली. “माले काकूले भेटनं व्हतं. मीच लई उनी.”

कुंपणाशी कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं.

आबा तिच्याकडे बघत राहिले. ती वाट पाहत होती की त्यांना कळेल. ओळख पटल्यासारखी, कासऱ्याचं दुसरं टोक हाताला लागल्यासारखी एखादी खूण त्या डोळ्यांत येईल. ती आली नाही. त्याऐवजी आला तो राग, सरळ आणि स्वच्छ, तिच्या लहानपणचा. सगळ्या गोंधळात त्यांना धरायला एक सरळ गोष्ट मिळाली होती.

“तू? तू माले आठे लई उनी?” त्यांनी तांब्या ओट्यावर ठेवला. इतक्या जोरानं की अर्धं पाणी सांडलं. “तीस साल पाळेल शबद! बापले फसाडीसन आणं! तुले लाज नई वाटनी?”

यशोदेनं मान खाली घातली. लाज वाटत होतीच, त्यामुळे ते दिसायला सोपं गेलं.

आबा उठले. अनवाणीच निघाले, जोडा ओट्याखाली राहिला. कुंपणापाशी माणसं बाजूला झाली. एकजण आदरानं म्हणाला, “पानीले तोंड लायं नई हो आबानं.” सगळ्यांनी माना हलवल्या. झुलालनं बैल पुन्हा जुंपले आणि जाता जाता बहिणीला म्हणाला, “आते पुढली आखाजी आठेच कर.”

काकू कुणाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी सांडलेल्या पाण्यावरून फडकं फिरवलं. आबांचे जोडे उचलून यशोदेच्या हातात दिले.

ती आखाजी झाली. पुरणपोळी झाली, आंब्याचा रस झाला, निंबाला झोके बांधले, पोरींनी गौराईची गाणी म्हटली. आबा यशोदेशी बोलले नाहीत. तिनं वाढलेलं ताट त्यांनी सरकवून ठेवलं, मग प्रमिला वहिनीनं तेच ताट उचलून पुन्हा समोर ठेवलं तेव्हा जेवले. इतर सगळं ते विसरत होते. हे मात्र त्यांच्या लक्षात राहिलं, निदान ती होती तोवर.

पुरण वाटताना वहिनी एकदा म्हणाली, “अक्का, आबास्नं काही बरं दिसत नई. रातले उठतस नि दार धुंडतस. घरमाच.”

यशोदेचा हात पाट्यावर थांबला. वहिनी चांगली होती. वहिनीला सांगता आलं असतं. इथं पार नव्हता, कुंपण नव्हतं, दोघीच होत्या.

“ऊन लागनं व्हई,” ती म्हणाली. “कैरीनं पन्हं देत जाय.”

तिनं दिलेल्या वचनाची तिला आठवण होती. पण ते बोलताना वचन तिच्या मनात नव्हतं. शेवंता होती, भिकुबाई होत्या, आणि वेड्याची लेक हे शब्द होते.

श्रावणात झुलालनं आबांना सरकी आणायला जळगावला पाठवलं. पिंप्राळ्याहून जळगाव म्हणजे हाकेच्या अंतरावर. त्याला भीती वाटायचं काही कारणच नव्हतं, त्याला कुणी ते दिलंच नव्हतं. आबा जळगावला पोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते बांभोरीपाशी गिरणेच्या काठी सापडले. छकडा जुंपलेलाच होता. नवे बैल रात्रभर पावसात उभे होते, कुणी कुठं जा म्हणून सांगितलं नव्हतं म्हणून. नदीला पूर होता. आबा चाकाला टेकून बसले होते. गुराख्यानं विचारलं तेव्हा म्हणाले, “पोरले लेवाले चालनू. आखाजी शे ना. पानी उतरू दे.”

ताप चढला तो उतरला नाही. पोळ्याच्या आधी ते गेले.

दहाव्याला नदीवर झुलाल ही हकिकत जो येईल त्याला सांगत होता. “रस्ता म्हनजे आबास्ना हातना तळवा. तापमा भरमिष्ट झायात.” ऐकणाऱ्यांनाही ते पटत होतं. म्हणजे ताप आधी आला आणि वाट नंतर चुकली, असं गावानं ठरवलं. तोताराम आबा कधी वाट चुकले नाहीत आणि कधी शब्दाला चुकले नाहीत. एकदाच लेकीनं त्यांना फसवून शत्रूच्या दारात नेलं, तरी पाण्याला तोंड लावलं नाही. यशोदा बायकांत बसून ऐकत होती. ती खरं बोलली असती तर झुलालनं त्यांना एकट्याला वेशीबाहेर सोडलं नसतं. आता बोलून ती आबांचं तेवढं उरलेलं नावही घालवणार होती. ती बोलली नाही. आणि हे न बोलणं आबांसाठी आहे की आपल्यासाठी, हे तिचं तिलाही आता सांगता येत नव्हतं.

एकच गोष्ट ती रात्रंदिवस उलटसुलट करत असे. पोरीला आणायला चाललो, असं ते म्हणाले होते. म्हणजे राग गेला होता. पण राग माफीनं गेला नव्हता, विसरल्यानं गेला होता. त्यांच्यातून पुसलं गेलं ते सगळं आता तिच्या एकटीच्या पदरात होतं.

पुढच्या आखाजीला तिनं गाठोडं बांधलं नाही. शेवंताचं लग्न होऊन गेलं होतं. भिकुबाईंनीही यंदा काही विचारलं नाही, तेच तिला जास्त लागलं. पण दोन दिवस आधी सकाळी पाळधीच्या रस्त्यानं, बरोबर ज्या बाजूनं यायचा त्या बाजूनं, एक छकडा आला. धुरेवर पुना होता. काकूंचा मुलगा.

“अक्का, मायनं धाडं. चाल.”

यशोदेला नाही म्हणता आलं नाही. ती मागं पेंढीवर बसली. गावाबाहेर फाटा आला तशी ती बोलून गेली, “निंबखाले ल्या, सावली शे.”

“अक्का, माले रस्ता ठाऊक शे,” पुना हसून म्हणाला.

पुढच्या फाट्यावर तिला पुन्हा तहान लागली. पुना पुन्हा हसला. पाळधीच्या पुढं ती म्हणाली, “या हातले.” तेव्हा पुनानं मागं वळून बघितलं, आणि तो हसला नाही.

आखाजीच्या सकाळी काकूंनी देवघराच्या भिंतीशी गहू पसरून त्यावर कोरी घागर मांडली होती. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावानं ती भरायची, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवायचा, सांजोरीचा नैवेद्य दाखवायचा. त्या दिवशी पितर आपल्या घरी पाणी प्यायला येतात. उखर्डू काकांची घागर ती. यशोदा पाणी भरून आली तेव्हा शेजारी आणखी एक कोरी घागर होती.

“काकू, हाई कोनी?”

“तुना बापनी.”

“पन आबास्नी घागर झुलालकडे शे. पोराच्या घरी ऱ्हास ना ती.”

“शे ना. तठे शेच.” काकू गहू सारखे करत होत्या. “पन वाट चुकीसन आठे उना ते? त्या दिनले बी तसाच उठी गया. पानी नई पिना.”

गल्लीपलीकडे झुलालच्या घरी याच वेळी आबांची घागर पुजत असतील. तिथल्या बायकांचा आवाज इथवर येत होता. यशोदा कळशी कमरेवर घेऊन उभी होती. कळशीचं पाणी लुगड्यावर सांडत होतं.

“काकू,” ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदाच ते शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडले. “आबास्ले रस्ता याद नव्हता. मी लई उनी नव्हती.”

“ठाऊक शे.”

“तुम्हले ठाऊक व्हतं, मंग झुलालले का बरं नई सांगं? कोनीतरी सांगनं व्हतं ना.”

काकूंनी तिच्याकडे बघितलं, त्या दिवशी बघितलं होतं तसंच. “तू पोर. तू झाकं. तू झाकेल मी कशी उघाडू?”

मग त्यांनी दुसऱ्या घागरीच्या तोंडावरचं फडकं काढलं आणि बाजूला सरकून जागा केली.

यशोदा खाली बसली. कळशी तिरकी केली. कोऱ्या मातीनं पहिलं पाणी शोषून घेतलं, ओल्या मातीचा वास आला, आणि घागर भरायला फार वेळ लागला.